अख्खं गाव कदरलं

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला मी त्यांच्या गावच्या फाट्यावर दहा बाय सहाचा फ्लेक्स लावला आणि त्यांच्या फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं: ‘ज्यांना अख्खं गाव कदरलं आहे, अशा आमच्या गुरुजींना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’

वाशिम-अकोल्याकडचा वाचक इथंच थांबून हसत असणार. त्याचं हसून होईपर्यंत बाकीच्यांना सांगतो. कदरणे म्हणजे कदर करणे नव्हे. कदरणे म्हणजे वैतागणे.

अर्थात हे झालं एका मार्काचं उत्तर. चिडायला माणसाला क्षण पुरतो. कंटाळायला एक दुपार लागते, वैतागायला एखादी सरकारी कचेरी. कदरायला मात्र वर्षं जावी लागतात. अनोळखी माणसाला कुणी कदरत नाही, तेवढी ओळखच नसते. वऱ्हाडात माणूस कदरतो तो जुन्या खोकल्याला, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणाऱ्या भावाला, सारख्या जाणाऱ्या लाइटीला, आणि लग्नाला बरीच वर्षं झाली असतील तर घरातल्या माणसाला. त्यात राग असतो, पण रागाची धार झिजलेली असते, नुसतं वजन उरलेलं असतं. आणि या शब्दाबरोबर हातही येतात. ‘कदरलो बाप्पा’ म्हणताना दोन्ही हात आपोआप जोडले जातात, मान खाली जाते, डोळे मिटतात. हे सगळं मी समोर बसून पाहिलं होतं. पाहून मी वहीत लिहून घेतलं होतं: ‘हे सांगताना त्यांनी हात जोडले.’

आता या विद्वत्तेचा धनी कोण, तेही सांगून टाकतो. मी पुण्यात मुद्रितशोधक आहे. लोक लिहितात आणि छापायच्या आधी मी त्यांच्या वेलांट्या सरळ करतो. लग्नाआधी पहिल्यांदा या गावी आलो, जयभीम घातला, पाण्याचा गडवा अजून हातातच होता, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, “काय करता तुमी?”

“पुस्तकातल्या चुका काढतो.”

“दुसऱ्याच्या?”

“हो.”

“अन् तुमच्या कोन काढते?”

मी हसलो. मला वाटलं विनोद आहे. ते हसले नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली, अजून हसलेले नाहीत.

सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रिठदच्या अलीकडे जी दोन-चार गावं लागतात त्यांतलं एक त्यांचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाचतात, आणि ती वाचतात यात सासऱ्यांचाच हात आहे. नोकरीत असतानाच त्यांनी विहाराच्या शेजारच्या दोन खोल्यांत वाचनालय सुरू केलं. तीस वर्षं तेच अध्यक्ष, तेच ग्रंथपाल आणि तेच झाडूवाले. किल्ल्या त्यांच्या कमरेला. गावातला एकही माणूस असा नसेल ज्याला त्यांनी एकदा तरी पुस्तक दिलं नाही, आणि एकही असा नसेल ज्याच्या हातातून त्यांनी ते हिसकावून घेतलं नाही.

कारण त्यांचे नियम. दाराशी पाण्याची बादली आणि साबणाची वडी. हात धुवायचे, ते त्यांच्या नाकासमोर धरायचे, मग आत यायचं. पान दुमडलं की महिनाभर बंदी. आणि पुस्तक परत करताना परीक्षा. पुस्तक मिटून मांडीखाली घ्यायचे आणि विचारायचे, “चाळीसाव्या पानावर काय हाय?”

समोरचा आठवू लागला की म्हणायचे, “मंग वाचलं काय तुमी? पुठ्ठा?”

दुसरं पुस्तक मिळत नसे. पहिलंच परत घरी. एका माणसाकडे म्हणे एकच कादंबरी दोन वर्षं ये-जा करत होती. शेवटी त्यानं सासुरवाडीला जाऊन राहणं पत्करलं.

गावात कुणाची लग्नपत्रिका छापून आली की ती लाल शाईत न्हाऊन परत जायची. सासरे लग्नालाही जायचे, नाही असं नाही, पण मांडवात मुलीच्या बापाला बाजूला घेऊन ‘आशीर्वाद’मधली वेलांटी समजावत बसायचे. थोडक्यात, आम्ही दोघं एकाच धंद्यातले होतो. म्हणूनच पटत नव्हतं.

यंदा मात्र त्यांच्यावर वेळ आली होती. गावातल्या पोरांना त्या दोन खोल्या अभ्यासिकेसाठी हव्या होत्या. पोलीस भरती, तलाठी भरती, सकाळी पाचला उघडी, रात्री दहाला बंद. सासऱ्यांचं म्हणणं, गाइडं पाठ करणं म्हणजे वाचणं नव्हे, ज्याला गाइड वाचायचं त्यानं गोठ्यात वाचावं. पोरांच्या बाजूनं उभा राहिला माझ्या बायकोचा चुलतभाऊ, ग्रामपंचायतीचा सदस्य, तोंडानं गोड आणि डोक्यानं थंड. सासरे विरुद्ध तो, अशी वाचनालयाच्या अध्यक्षाची निवड होणार होती पंच्याहत्तरीच्याच रविवारी. आधी सत्कार, मग सभा, मग हात वर करून मतं.

“एकवीस सभासद आहेत,” बायको मला पुण्यात म्हणाली. “मोजून अकरा बाबांच्या बाजूनं आहेत. तेही कसेबसे. ते वाचनालय गेलं तर बाबांकडे काय राहतं? मला रविवारी सकाळीच येता येईल. तू दोन दिवस आधी जा. नुसता त्यांच्याजवळ बस. काही करू नकोस.”

ती दारापर्यंत आली आणि पुन्हा म्हणाली, “ऐकलंस ना? काही करू नकोस.”

मी ऐकलं होतं. पण जावयानं सासुरवाडीला दोन दिवस नुसतं बसायचं म्हणजे फार होतं. त्यात सासरे माझ्याजवळ बसायला तयार नव्हते. मी ओट्यावर गेलो की ते आत जायचे, मी आत गेलो की ते वाचनालयात. तेव्हा मी ठरवलं की यांचा गौरव करू. असा गौरव, की डळमळीत अकरा पक्के होतील आणि वर आणखी दोन-तीन येतील. वही घेतली आणि गावातल्यांना विचारत निघालो: गुरुजींविषयी काय वाटतं?

वाचनालयासमोर शिंप्याचं दुकान आहे. चाचा म्हणतात त्यांना सगळे. वाचनालयातले जुने सभासद, रोज सकाळी पेपर वाचायला जाणारे. पायाखालची मशीन न थांबवता ते म्हणाले, “गुरुजी का मत पूछो जवाईबाबू. हम तो क्या, हमारी मशीन भी कदर गई उनसे.”

झालं! उर्दू जाणणारा माणूस ‘कदर’ म्हणतो म्हटल्यावर मला शंका कसली येणार? मी जागेवर व्युत्पत्ती करून टाकली. खर्चावरून खर्चणे, बदलावरून बदलणे, तसं कदरीवरून कदरणे. पुण्यात आम्ही तीन शब्द खर्चून ‘कदर करत आलो’ म्हणतो, इथं एकाच क्रियापदात काम होतं. किती काटकसरी बोली! वहीत लिहिलं: ‘यंत्रालाही आदर वाटतो.’

मग गाठले रिटायर पोस्टमनला. सासऱ्यांचे सगळ्यात जुने मित्र. दोघं रोज पहाटे फाट्यापर्यंत चालायला जातात. ते अंगणात हळदीची कांडं पसरत होते. प्रश्न ऐकून त्यांनी हात झटकले, मग जोडले.

“तीस वर्षं झाले त्याइच्या संगं फिरून राह्यलो. पावलागनिक एक चूक दाखवते तो मानूस. दुकानाच्या पाट्या वाचत चालते. कदरलो बाप्पा मी. पन सुटत नाई.”

वहीत: ‘मार्गदर्शन पावलागणिक. ऋणानुबंध सुटत नाही.’

घरी आलो तर सासूबाई सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. म्हटलं, घरचाही अभिप्राय हवा. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

“मी? मी तं कवाचीच कदरली. तुमाले आज समजलं व्हय?”

मला भरून आलं. वऱ्हाडातली माणसं इतक्या मोकळेपणानं प्रेम बोलून दाखवतात आणि आपण पुण्यात ‘बरं चाललंय’च्या पुढं जात नाही, असं काहीतरी मनात येऊन गेलं. एकूण चौदा जणांना विचारलं. चौदाही जण कदरलेले निघाले. असं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

शनिवारी वाशिमला गेलो. स्टँडच्या मागच्या गल्लीत फ्लेक्सचं दुकान. तिथल्या माणसानं माझा मजकूर कॉम्प्युटरवर टाकला, दोनदा वाचला, खुर्ची मागं सरकवली.

“सर, असंच ठेवाचं हे?”

“असंच.”

“नाई म्हनलं, दुसरा शब्द पाह्यजे असन तं अजून टाइम हाय.”

“मी शब्दांच्याच धंद्यात आहे,” मी म्हणालो. “एक अक्षर बदलायचं नाही.”

“घरचेच हा ना तुमी त्याइच्या?”

“जावई.”

“जवाई!” तो म्हणाला. “मंग लय हिंमत हाय तुमची.”

एवढं कौतुक झाल्यावर मी त्याला ‘कदरलं’ची अक्षरं आणखी मोठी करायला लावली.

रविवारी उजाडता उजाडता फ्लेक्स फाट्यावर चढला. मी बाजूच्या चहाच्या टपरीवर बसून परिणाम पाहत होतो. पहिला मोटारसायकलवाला थांबला, वाचलं, गाडी स्टँडवर लावली, फोटो काढला. मग दुसरा. मग रिसोडहून आलेली एस.टी. थांबली आणि उतरणाऱ्यांबरोबर न उतरणारेही दारात येऊन वाचू लागले. हसत होते सगळे. मला वाटलं, आनंद. आठ वाजेपर्यंत फ्लेक्सखाली हे एवढं गाव जमलं आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर माझं वाक्य पोचलं.

तेवढ्यात बायकोचा चुलतभाऊ आला. गाडीवरून उतरून थेट माझ्या गळ्यात पडला.

“मानलं जवाई तुमाले! आमी सहा महिन्यापासून घसे कोरडे करून राह्यलो, अन् तुमी एका वाक्यात काम करून टाकलं!”

“माझं कर्तव्यच होतं,” मी म्हणालो.

“तुमी तं मोठ्या मनाचे निंगाले बुवा. बोला, काय घेता? चहा तं घ्याच.”

मी त्याच्याकडून चहा घेतला. हे मी आजही कुणाला सांगत नाही.

नऊच्या गाडीनं बायको आली. उतरली, तिचं लक्ष वर गेलं आणि पिशवी हातातून खाली आली. मी हसतमुखानं पुढं झालो.

“कुणी लावलं हे?”

“तुला काय वाटतं?”

“काय लिहिलंयस तू? कदरणे म्हणजे काय, सांग मला.”

“कदर करणे. बोलीतलं रूप आहे. खर्च, खर्चणे...”

ती पिशवीवरच बसली. बायको माझ्याशी एरवी पुणेरी बोलते, संतापली की माहेरात जाते. “अरे, लोकायले गाव डोक्यावर घ्याले दुसरं काई भेटत नाई, अन् तू माह्या बापाले त्याच्याच फाट्यावर टांगलं! वैतागलं, वैतागलं हाय गाव, असं लिवलं तू! जीव नकोसा झाला, असं लिवलं! समजते का काई तुले?”

आता कुठं मला अर्थ कळला. पण चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायची धंद्याची सवय. मी म्हणालो, “मग हा शब्द तू मला कधी सांगितला नाहीस तो?”

“सांगतला नाई?” ती ओरडली. टपरीवरचे सगळे वळले. “अकरा वर्षं झाले रोज सांगून राह्यली! ‘कदरली मी तुले’ म्हनतो का नाई मी रोज? काय वाटे तुले, काय म्हून राह्यली मी?”

आजवर जिला मी संसारातली दाद समजत आलो, ती कसली दाद होती हे मला वीस-पंचवीस माणसांसमोर फाट्यावर कळलं. टपरीवाल्यानं न मागता माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

फ्लेक्स उतरवायला मी खांबावर चढणार तोच गर्दी दुभंगली. सासरे येत होते, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. त्यांच्या मागं चार पावलांवर पोस्टमन. सासरे फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसं वरून खाली वाचलं. कुणी हसलं नाही.

“हे तुमचं?” त्यांनी मला विचारलं.

“हो. पण बाबा, मला अर्थ...”

“‘अशा’च्या अगुदर स्वल्पविराम देल्ला, तो बरोबर हाय. ‘हार्दिक’ काढून टाका. वाक्यात तेवढा एकच शब्द खोटा हाय.”

“मी सगळाच उतरवतो.”

“हात नोका लावू. उतरवला तं लोक म्हनतीन, बुढा भेला. राहू द्या.”

वाचनालयाच्या दारातल्या मांडवात सत्कार दहा मिनिटांत उरकला. शाल घातली ती पोस्टमननं, त्यांच्याकडे न पाहता. हार घालायची वेळ आली तेव्हा चुलतमेहुण्यानं एवढं हसून घातला की सासऱ्यांनी तो लगेच काढून खुर्चीच्या पाठीला टांगला. मग त्याच मांडवात सभा सुरू झाली. एकवीसही सभासद हजर. सासूबाई बायकांत पहिल्या ओळीत, त्याही सभासद. चुलतमेहुणा उठला.

“मले जास्त बोलाचं नाई. गुरुजी माहे मोठे काका हायेत, मी त्याइच्या पाया पडतो. पन गावाचं म्हननं काय हाय ते आमी सांगतलं असतं तं भाऊबंदकी झाली असती. आता त्याइच्याच जवाईनं पुन्याहून येऊन, अभ्यास करून, मोठ्या अक्षरात लिवून देल्लं. आमी त्याइचे आभारी हावो.”

टाळ्या पडल्या. इथं मी बसून राहिलो असतो तर झाली ती चूक एका शब्दाची राहिली असती. बायकोनं माझा शर्ट मागून धरलाही होता. तो सोडवून घेऊन मी उठलो.

म्हणालो, हा सगळा गैरसमज आहे. या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा असणार. कदर हा शब्द पाहा, त्यात आदर आहे, किंमत आहे. मग मी खर्च-खर्चणे काढलं. मग बदल-बदलणे. मागून कुणीतरी म्हणालं, “पेपर सेट करून राह्यला काय बे हा?” शिंपीचाचा उठले. मला वाटलं, मदतीला आले.

“जवाईबाबू, कदर अलग, कदरना अलग. एक में आदमी सलाम करता, दूसरे में हाथ जोड़ता.” हात जोडून दाखवले. “फरक समझे क्या?”

मांडव हसला. मला घाम फुटला, आणि घाम फुटला की मी पुरावा देतो. म्हणालो, “असं कसं? मी मनानं लिहिलेलं नाही. गावातल्या चौदा जणांनी हाच शब्द वापरला. माझ्याकडे लिहून घेतलेलं आहे.” आणि खिशातून वही काढली.

बायको म्हणाली, “वही ठेव.” मी ठेवली नाही. मी वाचायला लागलो. आणि मुद्रितशोधकाची सवय, वाचताना कोण म्हणालं तेही वाचलं. शिंपीचाचा: आम्हीच नाही तर मशीनही कदरली. पोस्टमनकाका: तीस वर्षं झाली, कदरलो बाप्पा. हात जोडले. सासूबाई: मी तर कधीचीच कदरली.

तिसऱ्या नावाला मान वर करून पाहिलं तर पोस्टमन आपल्या चपलांकडे बघत होते. चाचा खाली बसले होते. त्या चौदांत त्या कशाबशा अकरांतले नऊ होते, हे मला तेव्हा दिसलं, वही हातात असताना.

सासरे खुर्चीतून उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, “पोस्टमन. खरं हाय हे?”

“जाऊ द्या ना गुरुजी.”

“हाव का नाई, तेवढं सांग.”

“हाव.” पोस्टमन उभे राहिले. “हाव, म्हनलो मी. तुमी मले एक दिवस सुखानं चालू देल्लं नाई. माह्या पोरीच्या लग्नाची पत्रिका लाल करून मांडवात घेऊन आले तुमी. तरी मी आज तुमालेच मत देनार होतो. पन आता सगयाइसमोर वाचलं ना तुमच्या जवाईनं. आता तुमच्या बाजूनं हात वर केला तं मी खोटा ठरतो.”

“खोटा ठरू नोको,” सासरे म्हणाले. मग बायकांच्या ओळीकडे पाहिलं. “अन् तू?”

सासूबाई पदर सावरत उठल्या. “म्हनली मी. घरात म्हनली, सुपात पाहत म्हनली. मांडवात म्हनली नोती. कदरली म्हून घर सोडून गेली काय मी? हा पाव्हना तं...”

“बस खाली.”

“बसतो. पन तुमी बी आयका कधी. सगया गावाले पान नंबर इचारता, कधी कोनाले जेवला का म्हून इचारलं?”

त्या बसल्या. चुलतमेहुण्यानं गंभीर चेहरा करून मतं घेतली. पोरांच्या बाजूनं सोळा हात. सासऱ्यांच्या बाजूनं चार. पाचवं मत सासऱ्यांचं स्वतःचं, ते त्यांनी दिलंच नाही. सासूबाईंचा हात त्या चारांत होता. तो त्यांनी सगळ्यांत आधी वर केला होता आणि सगळ्यांत शेवटी खाली घेतला. चाचांनी हात वर केला तो नेमका कोणत्या बाजूनं ते मोजणाऱ्यालाही कळलं नाही, त्याला दोनदा विचारावं लागलं.

सासऱ्यांनी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. चुलतमेहुण्यानं उचलायला हात पुढं केला तसे म्हणाले, “हात धुवून ये.”

तो हसला. त्याला वाटलं, बुढा गंमत करतोय. सासरे तसेच बघत राहिले. सबंध मांडव बघत राहिला. शेवटी नवा अध्यक्ष मुकाट्यानं बादलीपाशी गेला, साबण लावला, ओले हात दाखवून किल्ल्या घेतल्या. सासरे शाल खुर्चीवर टाकून चहा न घेता निघून गेले. पोस्टमन अर्धवट उठले आणि परत बसले.

दुपारी घरी जेवण होतं, पुऱ्या, वांग्याची भाजी, भजी, शिरा, सगळं पंच्याहत्तरीसाठी सकाळीच करून ठेवलेलं. अकरा वर्षं या घरात पहिलं ताट माझं वाढलं जातं. त्या दिवशी माझं ताट शेवटी आलं, आणि वरण वाढताना सासूबाईंनी ताटाकडेही पाहिलं नाही, ते निम्मं भातावर पडलं, निम्मं शिऱ्यावर. मी तसंच कालवून खाल्लं. बायको समोर बसून मोबाइलवर कुणालातरी सांगत होती, “हाव, आमच्याच घरचा. नाई वं, प्यालेला नोता. शुद्धीत लिवलं.”

जेवून हात धुतले. ओट्यावर सासरे बाजेवर बसले होते, हातात कालचा पेपर आणि लाल पेन. मी बाहेर आलो तर या वेळी ते आत गेले नाहीत. मला तेवढ्यानंच धीर आला. बाजेच्या पायथ्याशी खाली बसलो. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, साधं, विशेषणं काढून टाकलेलं.

“बाबा,” मी म्हणालो, “माझ्यामुळं तुमचं वाचनालय गेलं.”

त्यांनी पेपरातली ओळ पुरी केली, एका अक्षराभोवती लाल गोल काढला आणि मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

“तुमच्यामुयं? तीस वर्षं घासून एकेका मानसाले मी कदरवलं, अन् नाव तुमचं होईन व्हय? तुमच्यानं एक वाक्य धड लिव्हनं होत नाई जवाई, माही खुर्ची काय जाते तुमच्यानं!”